मोरीचा बंदोबस्त

‘मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा’ ही म्हण आपण अव्यवहारी काटकसरीला लावतो. परंतु जिच्या भोकाला बोळा घालावा अशी मोरी घरोघर होती आणि तिच्यावर घरधनिणीची नजर असे, ही गोष्टही त्याच म्हणीत जतन होऊन राहिली आहे.

सांडपाणी तुंबू नये यासाठी करावयाची तजवीज फार प्राचीन आहे. १९२२ साली राखालदास बॅनर्जी यांनी ज्याचे उत्खनन आरंभिले, त्या मोहेंजोदडो नगरात घरातील पाणी रस्त्याच्या गटारात सोडण्यापूर्वी विटांच्या लहान कुंडात उतरविले जाई. जड गाळ तळाशी बसे, वरचे निवळ पाणी पुढे वाहत जाई, आणि गटारावरील विटा उचलून सफाई करता येत असे.

आपल्या जुन्या वाड्यांत या कुंडाचे काम गृहिणीच्या शिस्तीने केले. खरकटे ताटातून निपटून आधी गुरांच्या पाटीत जाई, आणि मगच भांडी मोरीत येत. चुलीच्या राखेतील क्षार तूपतेलाचा ओशटपणा सोडवी, नारळाच्या शेंडीने भांडे घासले जाई. राख मात्र विरघळत नाही, साचली की तिचाच गाळ होतो, म्हणून मोरीच्या तोंडाशी बसलेला थर खराट्याने ओढून काढण्याची वहिवाट असे. उरलेले पाणी उघड्या पन्हळीने परसातील केळी-अळवाच्या आळ्यांत मुरे. पन्हळ उघडी असल्यामुळे कोठे काही अडकले तर ते तत्काळ दिसे.

पुढे बंद नळ आले. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली शौचकूपासाठी ज्याचे पेटंट घेतले, तो पाणी धरून ठेवणारा नळाचा बाक आज आपल्या मोरीखालीही आहे. त्याने दुर्गंधी अडविली, हा मोठाच उपकार; परंतु गोठलेले तूप, केस आणि चहाचा चोथा त्याच बाकात नजरेआड साचू लागले, आणि जे तेथून निसटले ते गावाच्या गटारात जाऊन बसले.

ते उपसण्यासाठी संरक्षक साधनांवाचून माणूस गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. तरीही माणसे उतरविली जातात आणि गुदमरून मरतात. म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे, की ताट निपटून मग धुवावे, कढईतील तेल कागदाने पुसून घ्यावे, मोरीच्या जाळीवरचे केस रोज उचलावेत. आपण मोरीत सोडलेला गाळ शेवटी कोणाला तरी हातांनीच काढावा लागतो.