पंचातले पाच

कॉकटेलची पहिली छापील व्याख्या १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्रात आली आणि तीत कोणतेही मद्य, साखर, पाणी व कडू अर्क असे चार घटक सांगितले होते. त्याच्या सुमारे पावणेदोनशे वर्षे आधीच, मद्यात आंबट रस, साखर, पाणी आणि मसाला मिसळून मोठ्या वाडग्यातून सर्वांनी मिळून पिण्याचे एक पेय हिंदुस्थानातील इंग्रज वखारींमध्ये रुळले होते. या पेयाचे नाव ‘पंच’. हे नाव ‘पाच’ या संख्येवरून पडले असे सर्रास सांगितले जाते, आणि पंचामृत, पंचगव्य, पंचखाद्य या शब्दांवर वाढलेल्या मराठी कानाला ते सहज पटते. परंतु सतराव्या शतकातील नोंदी एकापुढे एक ठेवल्या, की हा पाचाचा हिशेब वाटतो तितका सरळ राहत नाही.

पंचाच्या जन्मामागचे मुख्य कारण टंचाई हे होते. युरोपातून निघालेल्या जहाजांवरील पिंपांतली बीअर अनेक महिन्यांच्या उष्ण प्रवासात आंबून जाई, तर वाइन महाग आणि दुर्मीळ असे. त्यामुळे वखारींतील नोकर, सैनिक व खलाशी यांना किनाऱ्यावर मिळणाऱ्या ‘अर्क’ या ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ थंड करून गाळलेल्या, मद्याकडे वळावे लागले. ‘अरक’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ घाम असा आहे, आणि भट्टीवरच्या भांड्यातली वाफ थंड होऊन थेंबाथेंबाने उतरताना पाहिली, की ते नाव किती नेमके आहे हे कळते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हा अर्क माडीपासून निघे. कोकणातील भंडारी किंवा गोव्यातील रेंदेर माडावर चढून न उमललेल्या पोयीचे टोक कापतो, तिला मडके बांधतो आणि ठरावीक वेळी पुन्हा चढून त्यात झिरपलेला रस उतरवतो. हा गोड रस हवेतील यीस्टमुळे काही तासांतच फसफसू लागतो आणि फार ठेवल्यास त्याचा व्हिनेगर होतो, म्हणून तो टिकवायचा तर भट्टीला लावण्यावाचून गत्यंतर नसे. असा अर्क तिखट आणि उग्र असल्याने त्यात लिंबू, साखर आणि पाणी घालणे ही चैनीपेक्षा गरज अधिक होती.

‘पंच’ या नावाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १६३२ सालचा आहे. कोरोमंडल किनाऱ्यावरून लिहिलेल्या एका पत्रात रॉबर्ट अ‍ॅडम्स या इंग्रज सैनिकाने आपल्या स्नेह्याला, घर नीट चालवा आणि पंच हात आखडून पिऊ नका, अशा आशयाच्या शुभेच्छा दिल्या. त्यात कृती नाही, म्हणजे पत्र वाचणाऱ्याला ती सांगण्याची गरज नव्हती. १६३८ मध्ये सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर असे चारच पदार्थ नोंदवले. त्यानंतर पंधरा वर्षांनी ला बुलये-ल-गूझ या फ्रेंच प्रवाशाने साखर, लिंबाचा रस, मद्य व जायपत्री यांच्या जोडीला भाजलेले बिस्किट सांगितले, तर पुढे बर्निये या आणखी एका फ्रेंच प्रवाशाने काळ्या साखरेचा अर्क, लिंबू, पाणी आणि जायफळ असे पुन्हा चार घटक दिले. नाव एकच, पण पदार्थांची संख्या आणि यादी दर वेळी निराळी.

पाच ही संख्या ठामपणे मांडणारा जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य होता. १६७३ मध्ये मुंबईला पोहोचलेल्या आणि १६९८ मध्ये प्रवासवृत्त प्रसिद्ध केलेल्या फ्रायरने गोव्यातील नेरूलच्या अर्काला सर्वोत्तम म्हटले, त्यापासून इंग्रज जो पंच करतात त्याचे नाव पाच घटकांवरून पडल्याचे सांगितले, आणि लगेच ‘डायापेंटे’ या पाच द्रव्यांच्या युरोपीय औषधाचा दाखला दिला. येथे त्याचा व्यवसाय बोलतो. द्रव्ये मोजून औषधाला नाव देण्याची सवय असलेल्या वैद्याने वाडग्यातल्या मिश्रणालाही तीच रीत लावली असावी. शिवाय सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या इंग्रजी शब्दातील स्वर ‘अ’पेक्षा ‘उ’ला जवळचा होता, त्यामुळे ‘पंच’चा उच्चार ‘पुंच’सारखा होई आणि हिंदुस्थानी शब्दाशी तो सहजी जुळत नाही, म्हणूनच काही अभ्यासक हे नाव ‘पंचन’ या जहाजावरील मोठ्या पिंपाच्या नावाशी जोडतात. हा वाद सुटलेला नाही, पण संख्येने पेय घडवले नाही, पेय आधी आले आणि हिशेब मागाहून जुळवला गेला, एवढे या नोंदींवरून म्हणता येते.

उत्तर युरोपात पोहोचल्यावर टंचाईतून जन्मलेले हे पेय प्रतिष्ठेचे झाले, कारण लिंबू, साखर, जायफळ आणि अर्क हे सारेच तेथे समुद्रापलीकडून येणारे महागडे जिन्नस होते. जेम्स ॲशलीने १७३१ मध्ये लंडनच्या लडगेट हिलवर पंचगृह उघडले, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आलेल्या जावा बेटाच्या अर्कावर स्वीडनमध्ये ‘पुन्श’ची स्वतंत्र परंपरा उभी राहिली. घरोघरच्या कृतीत साखरेच्या कठीण ढेपेवर लिंबाची साल घासण्याला विशेष महत्त्व होते: सालीतले सुगंधी तेल साखर शोषून घेई, मग ती पाण्यात विरघळवून त्यात रस व मद्य मिसळत आणि वर जायफळ किसत. बेंजामिन फ्रँकलिनने १७६३ मध्ये आपल्या मित्राला कळवलेल्या दूध-पंचाच्या कृतीत गरम दूध ओतताच लिंबाच्या आम्लाने ते फाटते, चोथा गढूळपणा व तुरटपणा स्वतःकडे ओढून घेतो आणि गाळल्यावर नितळ, टिकाऊ पेय हाती येते. आजच्या महानगरी बारमध्ये नवा प्रकार म्हणून दिले जाणारे नितळ दूध-पंच याच रीतीने होतात.

एकोणिसाव्या शतकात बर्फ सुलभ झाला, कामाचा वेग वाढला आणि वाडग्याभोवती तास न् तास बसण्याची जागा एकेका ग्लासने घेतली. तरीही जेरी थॉमस या अमेरिकी मद्यमिश्रकाच्या १८६२ मधील पुस्तकाची सुरुवात पंचानेच होते, आणि मद्य, आंबट व गोड यांचा तोल साधणारी आजची बहुतेक पेये त्याच कुळातली आहेत. गुलाबपाणी, बिस्किट, जायफळ, दूध असे जिन्नस त्या वाडग्यात आले आणि गेले. उग्र मद्याला आंबटगोडाने माणसाळवून सर्वांनी एकाच वाडग्यातून वाटून घेणे मात्र दीर्घकाळ टिकले, आणि ते कोणत्याही यादीत मोजले गेले नव्हते.