बारा खुणा, आणि खरं उत्तर भलतीकडेच

सातवीच्या वर्गात डॉट प्लॉट काढायला सोपा जातो. आडवी रेघ ओढायची, सारख्या अंतरावर आकडे लिहायचे आणि प्रत्येक नोंदीसाठी एक ठिपका द्यायचा. तोच आकडा परत आला की ठिपक्यावर ठिपका. वाचणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. का, ते पाहायला माझ्याबरोबर १६४४ सालात चला.

मिखाएल व्हान लांग्रेन हा स्पेनच्या राजाच्या पदरी असलेला फ्लेमिश खगोलशास्त्रज्ञ. भर समुद्रात रेखांश कसा काढायचा, हा तेव्हाचा जीवघेणा प्रश्न होता. आपल्याकडे त्यावर उपाय आहे, असं त्याचं म्हणणं. पण जमिनीवरच्या शहरांचे रेखांशसुद्धा कुणाला धड ठाऊक नाहीत, हे आधी राजाला पटायला हवं होतं.

आकड्यांचा तक्ता देऊन भागलं असतं. त्याने रेघ ओढली. शून्यावर टोलेडो. तिथून रोम किती अंश पूर्वेला, याचे बारा विद्वानांचे अंदाज त्याने त्या रेघेवर नावानिशी मांडले. त्यांत टॉलेमी होता, मर्केटर होता, टायको ब्राहेही होता. सांख्यिकीय माहितीचा हा पहिला ज्ञात आलेख, असं बरेच अभ्यासक मानतात.

आता तो वाचू या. सगळ्यांत लहान अंदाज १८ अंशांच्या जरा अलीकडे, सगळ्यांत मोठा ३० च्या किंचित पुढे. पसारा सुमारे १२ अंशांचा, म्हणजे त्या अक्षांशावर हजारेक किलोमीटर! तक्त्यात हे आकडे गुमान एकाखाली एक बसले असते. रेघेवर त्यांच्यातलं अंतर अंगावर येतं.

मग खरं उत्तर कुठे असेल? तुमचं बोट बहुधा मधे कुठेतरी गेलं असेल. माझंही पहिल्यांदा तिथेच गेलं होतं. खरा फरक आहे सुमारे साडेसोळा अंश. बाराच्या बारा खुणा त्याच्या उजवीकडे!

अंदाज किती विखुरलेत, हे आलेख सांगतो. सगळेच एका बाजूला चुकलेत, हे तो सांगत नाही. त्यासाठी नव्याने, नीट मोजावं लागतं. शून्याकडचं टोक तुटलेल्या एकाच पट्टीने अख्ख्या वर्गाने बाक मोजला, तर ठिपके छान एका जागी दाटतील आणि तरी सगळे चुकतील.

म्हणून मुलांना ‘ठिपके कुठे दाटलेत?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘मोजलं कशाने?’ हेही विचारा.