मुरुमांवरील उपचार आणि स्टेरॉइड मलमांचा धोका

मुरुम दोन-चार दिवसांत बसवणारे मलम कोणी सुचवले, तर त्याच्या नळीवरील घटकांची नावे आधी वाचावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव आढळल्यास ते मलम स्टेरॉइडयुक्त असते आणि ते मुरुमांवरील औषध नव्हे. त्याने सूज व लाली झपाट्याने उतरते, चेहरा उजळल्यासारखा दिसतो. फसगत होते ती इथेच. काही आठवड्यांनंतर त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि नव्या पुटकुळ्या उठतात. मलम थांबवताच आग व लाली उसळून येते, म्हणून रुग्ण पुन्हा तेच लावतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असे स्वतंत्र नावच दिले आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइडयुक्त मलमांना ‘शेड्यूल एच’च्या कक्षेत आणले. त्यामुळे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. मात्र नियम आणि दुकानातील व्यवहार यांत अंतर राहते. गोरेपणासाठी म्हणून मोमेटासोन, हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण मैत्रिणी-नातलगांच्या सल्ल्यावर चेहऱ्यावर जाते, ते याच अंतरातून.

मुरुमांचे मूळ त्वचेच्या आत असते. पौगंडावस्थेत अँड्रोजेन संप्रेरके वाढली की तैलग्रंथी अधिक स्निग्ध द्रव स्रवतात. केसाच्या मुळाशी असलेले छिद्र मृत पेशींनी बुजते, आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हे जिवाणू वाढतात आणि दाह सुरू होतो. छिद्राच्या तोंडाशी दिसणारा काळा ठिपका मळाचा नसतो, त्यामुळे दिवसातून अनेकदा साबणाने चेहरा घासून तो जात नाही. उलट त्वचा कोरडी पडून चुरचुरते. दोन वेळा सौम्य फेसवॉश पुरेसा असतो. लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट चेहऱ्यापासून दूरच बरी. कपाळावर केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्या येत असतील, तर डोक्याला लावलेले तेल कपाळावर ओघळते का, हेही पाहावे.

सौम्य मुरुमांवर बेंझॉइल पेरॉक्साइड व अ‍ॅडापलिन ही लावण्याची औषधे प्रथम दिली जातात. अ‍ॅडापलिन रात्री, कोरड्या त्वचेवर, मोजक्या प्रमाणात आणि केवळ पुटकुळीवर न लावता मुरुम येणाऱ्या संपूर्ण भागावर लावायचे असते. बेंझॉइल पेरॉक्साइडमुळे उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, हे घरात आधी सांगून ठेवलेले चांगले. गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. सुरुवातीच्या जळजळीमुळे अनेक जण पंधरा दिवसांतच औषध सोडतात आणि नेमके त्याच वेळी झटपट मलमाकडे वळतात. क्लिंडामायसिनसारखे प्रतिजैविक एकटेच वापरल्यास जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. म्हणून ते बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने देतात.

गाठी व खोल व्रण असल्यास त्वचारोगतज्ज्ञ आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देऊ शकतात. हे औषध गर्भात गंभीर व्यंग निर्माण करते. त्यामुळे गर्भधारणा नाही याची खात्री करूनच ते सुरू केले जाते आणि ते घेत असताना, तसेच बंद केल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. स्त्रियांमध्ये मुरुमांसोबत पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.

स्टेरॉइड मलम आधीच सुरू असलेल्यांनी त्याची नळी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जावे. मलम एकदम थांबवायचे की हळूहळू कमी करायचे, हे ते किती दिवस लावले आणि किती तीव्र होते यावर ठरते. सावळ्या त्वचेवर मुरुमांमागे उरणारे डाग सनस्क्रीन लावल्यास आणि मुरुम न फोडल्यास काही महिन्यांत फिके होतात. खड्डे मात्र मलमाने भरत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी उपचारपद्धती लागते.