निसर्ग वादळ आणि गुंठ्याचा हिशेब



स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे मंडळाच्या पोरांनी सांगितले. इतिहास म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचाच असतो असे नाही. ३ जून २०२० ची रात्र आपण सगळ्यांनी पाहिली, पण कुणी कागदावर उतरवली नाही. म्हणून ती आम्ही लिहितो.

पारनेर हा दुष्काळी तालुका. आपल्याला वादळ ठाऊक ते वळवाचे. धूळ उठते, चार थेंब पडतात, झालं. समुद्रातले वादळ घाट चढून आपल्या दारात येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्यात करोनाची टाळेबंदी, माणसे घरात कोंडलेली. अंधार पडल्यावर वारा असा फिरला की विहाराच्या पत्र्यावर ठेवलेले दगडही पत्र्याला धरून राहिले नाहीत. दोन पत्रे उडाले, लाईट गेली, सकाळी पत्रे शोधायला रानात गेलो. आपल्या वस्तीचे एवढ्यावर भागले.

वादळाचे नाव निसर्ग. ते नाव बांगलादेशाने सुचवलेले होते. त्या दिवशी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान रायगड जिल्ह्यात दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने ते जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. मग जोर कमी होत होत पुणे जिल्हा ओलांडून आपल्या नगर-नाशिककडे सरकले. १८९१ नंतर जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असे वादळ धडकले नव्हते, असे तेव्हा सांगण्यात आले. (वादळाच्या इतिहासात थापाही पुष्कळ. १८८२ साली मुंबईत वादळाने लाख माणसे मेली असे अजून छापतात. अभ्यासकांनी शोध घेतला तर त्याचा पुरावाच सापडला नाही.)

आम्हाला घोर लागला होता तो मंडणगडच्या आमच्या सोबत्याचा. मुंबईत गिरणीत आम्ही दोघे बदली म्हणून एकाच खात्यात लागलो, एकाच खोलीत राहिलो. गिरणी बंद पडल्यावर तो गावी गेला, आम्ही इकडे आलो. मंडणगड म्हणजे बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या तालुक्यात आहे तो. कितीतरी दिवस त्याचा फोन लागेना. टॉवर बंद, विजेचे खांब आडवे. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागात कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. महावितरणने दुसऱ्या जिल्ह्यांतून माणसे आणून खांब उभे केले. माणसे आधीच हलवलेली होती म्हणून मेली थोडी. पण कौले आणि पत्रे गेले आणि डोक्यावर पावसाळा आला.

शेवटी फोन लागला तेव्हा तो म्हणाला, "घर उभं करू रे. वाडीचं काय करायचं?"

कोकणातली वाडी म्हणजे आपल्या बाजरीच्या रानासारखी नव्हे. नारळ, सुपारी, त्यांच्या सावलीत जायफळ, खोडावर चढवलेली मिरी. श्रीवर्धनची रोठा सुपारी तर नावाजलेली. आपली बाजरी गेली तर पुढच्या मृगात परत पेरता येते. सुपारीचे रोप धरायला सहा-सात वर्षे, नारळाचेही तसेच. आणि उंच झाडे पडली की खालची सावली गेली, म्हणजे जे उभे राहिले तेही उन्हाने वाळते.

सरकारने भरपाई वाढवली, हे कबूल केले पाहिजे. पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० रुपयांऐवजी दीड लाख, फळबागेला हेक्टरी १८,००० ऐवजी ५०,०००. आकडा ऐकून आम्हालाही बरे वाटले. पण सोबत्याने गुंठ्याचा हिशेब सांगितला. एका हेक्टरात जवळजवळ ९९ गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. गुंठ्यात सुपारीची बारा-चौदा झाडे. झाडामागे पडले चाळीस रुपये! बापाने लावलेले झाड, चाळीस रुपये. त्यात वाड्या पाच-पाच, दहा-दहा गुंठ्यांच्या, आणि सातबाऱ्यावर नावे सामाईक. निम्मे भाऊबंद मुंबईला, त्यांची संमती आणायची कशी? झाडाप्रमाणे भरपाई द्या, अशी मागणी बागायतदारांनी केली ती उगाच नव्हती. हेक्टरचे माप मोठ्या रानासाठी ठीक आहे, वाडीला ते लागूच पडत नाही.

आणि ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याचे काय? नारळ पाडणारा, सुपारी सोलणाऱ्या बाया, वाडीला पाणी देणारा गडी. पंचनाम्यात घर असते, झाड असते, बुडालेल्या मजुरीचा रकाना नसतो. आम्हाला यात नवल वाटले नाही. गिरणी बंद झाली तेव्हा कायम कामगारांची यादी लागली. आम्ही बदलीवाले, वर्षानुवर्षे दारावर उभे राहून काम केले, पण यादीत नव्हतो.

पडलेल्या बागा पुन्हा उभ्या करायचे काम नंतर रोजगार हमीत घ्यायचे ठरले. ते वाचून आम्हाला १९७२ आठवला, म्हणजे आईच्या तोंडून ऐकलेला. त्या दुष्काळात आपल्या आयाबायांनी खडी फोडली, आणि पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. दुष्काळी भागाच्या घामातून आलेली योजना समुद्रकाठच्या वाडीत खड्डे खणायला गेली. तिथे मजुराला निदान हजेरी मिळते.

कोकणाला उसंत मात्र मिळाली नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. दुसऱ्याच पावसात, जुलै २०२१ मध्ये, महाड-चिपळूणला महापूर आला आणि तळीये गावावर दरड कोसळली.

सोबत्याने २०२० च्याच पावसात चाळीस रोपे लावली होती. तौक्तेत त्यातली किती राहिली, असे विचारले तर म्हणाला, "लहान होती म्हणून वाऱ्याला सापडली नाहीत." आम्ही इकडे विहाराच्या पत्र्यावरचे दगड काढले आणि वर्गणी करून लोखंडी अँगलवर पत्रे बोल्टने आवळून घेतले. पुढच्या पौर्णिमेला वंदनेला आलात की वर पाहा, उजव्या कोपऱ्यातले दोन पत्रे नवे आहेत.