आरोपापासून अपराधापर्यंत

'फॉरेन्सिक' म्हटले की डोळ्यांसमोर पांढरा कोट, सूक्ष्मदर्शक आणि काचेच्या नळ्या येतात. शब्दाच्या पोटात मात्र यातले काहीच नाही. लॅटिनमध्ये 'फोरम' म्हणजे गावचा चौक, बाजाराची आणि सभेची जागा. प्राचीन रोममधले खटले अशा चौकात, लोकांसमोर चालत. त्या चौकाशी संबंधित ते 'फोरेन्सिस' आणि त्यावरून फॉरेन्सिक. प्रयोगशाळेत काय सापडले यावर हा शब्द थांबत नाही. जे सापडले ते चारचौघांत सिद्ध करता येईल का, असे तो विचारतो.

मराठीने या शास्त्राला 'न्यायसहायक विज्ञान' म्हटले आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी 'न्यायवैद्यकशास्त्र' हा शब्द घडवला. यातला 'सहायक' मला मोलाचा वाटतो. विज्ञान निवाडा करत नाही, निवाडा करणाऱ्याला साहाय्य करते, ही मर्यादा नावातच नोंदवलेली आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांत आज मुले-मुली हा विषय शिकतात. त्यांची पुस्तके इंग्रजीत असतात. पण उद्या ज्या कागदांशी त्यांची गाठ पडणार ते ठाण्यातले कागद मराठीत असतात. फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल, जबाब हे त्या कागदांवरचे शब्द. त्यांचा इतिहास हाही या अभ्यासाचाच भाग आहे.

सुरुवात 'साक्षी'पासून करू. पाणिनीने या शब्दासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे. 'साक्षात्' म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा तो साक्षी. शब्दात डोळा आहे, 'अक्षि' आहे. मराठीने त्याला फारसी 'दार' जोडून 'साक्षीदार' केला. आता 'ऑटोप्सी' हा ग्रीक शब्द पाहा. 'ऑटोस' म्हणजे स्वतः आणि 'ऑप्सिस' म्हणजे पाहणे. ऑटोप्सी म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे. आपल्या 'शवविच्छेदना'त चिरफाड पुढे येते, तर बातम्यांतून दिसणाऱ्या 'उत्तरीय तपासणी'त मृत्यूनंतरचा काळ पुढे येतो. ग्रीक शब्दाने मात्र पाहण्यावरच बोट ठेवले. घटना घडताना पाहणारा साक्षीदार आणि घटनेनंतर देह पाहणारा डॉक्टर हे दोघेही शब्दार्थाने एकाच कुळातले. दोघांनाही न्यायालयात हाच प्रश्न विचारला जातो, की तुम्ही स्वतः काय पाहिलेत?

'साक्ष' डोळ्यांची, तर 'पुरावा' पुरण्याचा. पुरणे, पुरवणे, पुरवठा, पुरवणी या घरातलाच हा शब्द. एखादा केस, मातीचा कण, रक्ताचा डाग मिळाला म्हणजे वस्तू मिळाली. ती जेव्हा आरोप सिद्ध करायला पुरते, तेव्हा तिच्यातला पुरावा पुरा होतो. फ्रान्समधल्या लिऑन शहरात १९१० मध्ये पोलीस प्रयोगशाळा उभारणाऱ्या एडमंड लोकार यांचे तत्त्व या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जाते. दोन वस्तूंचा संपर्क आला की प्रत्येकीचे काही ना काही दुसरीवर उरते. पण जे उरले ते पुरते का, हे ठरवणे हा पुढचा आणि अवघड भाग.

'पंचनामा' हा शब्द तर आपण इतका वापरतो की त्याची घडण दिसेनाशी झाली आहे. अतिवृष्टीनंतर शेतात तलाठी पंचनामा करतो, सभेत वक्ता विरोधकांचा पंचनामा करतो. संस्कृत 'पंच' आणि फारसी 'नामा' यांची ही जोडी. नामा म्हणजे पत्र किंवा लेख. करारनामा, जाहीरनामा हे त्याचे भाऊबंद. पंच मुळात पाच जण, गावाने मानलेले. आजचा कायदा झडतीच्या वेळी परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत असे सांगतो. पाचाचे दोन झाले, तरी तत्त्व तेच राहिले. पोलिसाने पाहिले एवढ्याने भागत नाही, त्रयस्थानेही पाहायला हवे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूदही केली आणि ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली. पंचांच्या जोडीला कॅमेरा आला, तज्ज्ञ आला. तिघांचे काम त्रयस्थपणे पाहण्याचेच.

पंचनाम्यात जप्त होतो तो 'मुद्देमाल'. 'मुद्दा' हा अरबी 'मुद्दआ'वरून आला. ज्यावर दावा सांगितला ते, असा त्याचा अर्थ, आणि 'दावा' हाही त्याच धातूचा. म्हणून ज्या मालाभोवती वाद उभा आहे तो मुद्देमाल. भाषणातला मुद्दा आणि ठाण्याच्या कोठारात मोहोर लावून ठेवलेला चाकू हे असे सख्खे नातेवाईक आहेत.

तपासाचे शब्द शिकारीच्या आणि सुताच्या जगातून आले. इंग्रजी 'क्लू' म्हणजे मुळात सुताचा गुंडा. क्रीटच्या चक्रव्यूहातून थीसियस बाहेर पडला तो आरियाड्नीने दिलेल्या सुताच्या आधाराने, या ग्रीक कथेमुळे त्याला आजचा अर्थ मिळाला. आपल्या पोलिसांच्या हातीही 'धागेदोरे'च लागतात. 'माग' मात्र रानातला. संस्कृत 'मार्ग' या शब्दाचा संबंध 'मृगा'शी जोडला जातो आणि जनावराच्या पायवाटेचा अर्थ त्यात आहे. मराठीने रुळलेल्या वाटेसाठी मार्ग ठेवला आणि पावलांच्या खुणांसाठी माग. पेशवाईत गावात चोरी झाली की रामोशी किंवा जागल्या माग काढत शेजारच्या शिवेपर्यंत जाई. तो माग पुढे गेला हे त्या गावाने दाखवायचे, नाही तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येई.

याहून खोल शब्द 'शोध'. त्याचा धातू 'शुध्', स्वच्छ होणे. शोध आणि शुद्ध एकाच मुळाचे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाचे नाव 'कण्टकशोधन', म्हणजे समाजातले काटे काढून टाकणे. आर. शामशास्त्री यांना या ग्रंथाची पोथी म्हैसूरला मिळाली आणि १९०९ मध्ये त्यांनी ग्रंथ छापला. पुढे र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केली. याच अधिकरणात 'आशुमृतकपरीक्षा' नावाचा अध्याय आहे. आशुमृतक म्हणजे अचानक मेलेला. अशा प्रेताला तेल लावून ते तपासावे, असे तो सांगतो आणि गळा आवळणे, फास, बुडणे, विष यांची लक्षणे वेगवेगळी देतो. आजचा न्यायवैद्यकाचा वर्ग ज्या प्रश्नांनी भरतो, तेच हे प्रश्न.

आता मुख्य गोष्ट. फारसीत 'खून' म्हणजे रक्त. मराठीत रक्ताला रक्त राहिले आणि खून म्हणजे हत्या झाली, त्यामुळे थेंबभरही रक्त न सांडता विषाने झालेली हत्याही खूनच ठरते. 'गुन्हा' फारसी, 'अपराध' संस्कृत. अपराधाच्या मुळाशी चुकणे आहे. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्या धनुर्धराला अमरकोशात 'अपराद्धपृषत्क' म्हटले आहे. म्हणजे अपराध ही माणसाची स्वतःची चूक. 'आरोप' मात्र बाहेरून येतो. 'रुह्' म्हणजे वाढणे, चढणे, आणि त्यावरून रोप, रोपण, वृक्षारोपण. आरोप म्हणजे वर नेऊन ठेवणे, लावणे. दोरीवर साप भासतो, त्या भासाला वेदान्ती 'अध्यारोप' म्हणतात. जे तिथे आहे की नाही हे अजून ठरायचे आहे, ते कुणावर तरी ठेवणे, ही छटा आरोपात कायम आहे.

म्हणून आरोपी आणि गुन्हेगार हे समानार्थी शब्द नाहीत. या दोन शब्दांमधल्या अंतरातच सगळा अभ्यासक्रम बसतो. साक्ष, पुरावा, पंचनामा, मुद्देमाल, प्रयोगशाळेचा अहवाल हे सगळे ते अंतर प्रामाणिकपणे पार करण्यासाठी आहेत, आणि पुरावा पुरला नाही तर तिथेच थांबण्यासाठीही. निकालाच्या आधीच बातमीत, चर्चेत, नाक्यावर आपण एखाद्याला गुन्हेगार म्हणतो, तेव्हा न्यायाचे काम आपणच उरकून टाकतो. न्यायसहायक विज्ञानाच्या शिक्षकांनी इंग्रजी संज्ञांबरोबर हे मराठी शब्दही त्यांच्या अर्थासकट शिकवावेत. आणि आपण वाचकांनी एवढे पाळावे, की न्यायालय बोलेपर्यंत आरोपीला आरोपीच म्हणावे.