दगडांचीं कुळें

दगडांनाहि कुळें असतात असें सांगितलें तर तुम्ही हंसाल. पण तीं ओळखण्यांत मी स्वतः एकदां कसा फसलों, तें आधीं ऐका. एका विद्यार्थ्यानें घाटांतून आणलेले दोन पांढरे, चकचकीत खडे मीं ‘गारगोटी’ अशी चिठ्ठी लावून एकाच पेटींत ठेवले. त्या मुलानें चाकूचें टोंक लावून पाहिलें. एकावर ओरखडाहि उठेना. दुसऱ्याचा मात्र चुरा निघाला, आणि त्यावर लिंबू पिळतांच बुडबुडे आले. तो होता चुनखडीच्या जातीचा कॅल्साइट. वर्गासमोर मला ती चिठ्ठी फाडावी लागली.

माझी चूक फार जुनी. १५४६ सालीं, जर्मनींतील खाणींच्या मुलखांत वैद्यकी करणाऱ्या अग्रिकोलानें खनिजांवर ग्रंथ लिहिला, तेव्हां रंग, चकाकी, वजन, आकार अशीं ओळखीचीं साधनें होतीं. पुढें १८१२ मध्यें मोस यानें कठिणपणाच्या दहा पायऱ्या ठरविल्या. सर्वांत खालीं शंखजिरें, सर्वांत वर हिरा. कॅल्साइट तिसऱ्या पायरीवर, गारगोटी सातव्या. चाकू या दोहोंच्या मध्यें. म्हणूनच मुलाची परीक्षा बिनचूक ठरली!

पण रंग फसवितो. लाल माणिक व निळा नील हीं दोन्ही एकच खनिज, म्हणजे कुरुंद. फरक केवळ किंचित् भेसळीचा.

अमेरिकेंतील जेम्स ड्वाइट डेना यानें १८३७ मध्यें, अवघ्या चोविसाव्या वर्षीं, खनिजांची मोठी मांडणी प्रसिद्ध केली. लिनीअसनें वनस्पतींना दिलीं तशीं लॅटिन जोडनांवें त्यानें दगडांना दिलीं. परंतु दगडाला ना बीज, ना पिल्लें! स्वीडनच्या बर्झेलियसनें तर घटक पाहून वर्ग पाडण्याचा मार्ग आधींच दाखविला होता. अखेर १८५४ च्या आवृत्तींत डेनानें आपली जुनी मांडणी सोडून रासायनिक घटकांवर नवी उभारली. स्वतः बांधलेलें घर स्वतःच मोडावयास केवढें धैर्य लागतें!

१९१२ नंतर क्ष-किरणांनीं आंतील अणूंची रचनाहि कळूं लागली. हिरा आणि शिसपेन्सिलींतील ग्राफाइट हे दोन्ही कर्बच; परंतु रचना निराळी, म्हणून खनिजें दोन. आज सहा हजारांहून अधिक खनिजें घटक व रचना पाहून लाविलेलीं आहेत.

मुलांनो, तुम्हीहि खडे जमवा, चिठ्ठ्या लावा. मात्र डिंक बेताचाच वापरा; चिठ्ठी बदलण्याची वेळ कोणावरहि येते.