वेल्लोर आणि वाकलेली बोटे

मराठी वाचकाला वेल्लोर हे नाव प्रथम भेटते ते शिवछत्रपतींच्या दक्षिणदिग्विजयाच्या प्रकरणात. किल्ल्याभोवतीच्या खंदकात मगरी, समोरच्या टेकड्यांवर साजरा आणि गोजरा अशी मराठ्यांनी उभारलेली दोन ठाणी, आणि वर्षाहून अधिक काळ चाललेल्या वेढ्यानंतर १६७८ मध्ये हाती आलेला तो बळकट दुर्ग, एवढी हकिकत सांगून आपले इतिहासग्रंथ पुढे जातात. त्याच गावी, त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी, महारोगाने आकसून वाकडी झालेली मनुष्याची बोटे शस्त्रक्रियेने सरळ करता येतात, आणि ज्या हाताला समाजाने केवळ भिक्षेचा हात ठरविले होते त्याच हाताने रंधा, सुई आणि लेखणी पुन्हा धरता येते, ही गोष्ट सप्रमाण सिद्ध झाली. आणि हे प्रकरण किल्ल्याच्या प्रकरणाइतक्याच विस्ताराने आपल्याकडे लिहिले जावयास हवे होते, असे मला मनापासून वाटते.

बोटे वाकण्याचा हा विकार आपल्या देशाला नवा नाही. सुश्रुताच्या निदानस्थानात, कुष्ठ त्वचेतून खोल धातूंत उतरू लागले म्हणजे प्रथम स्पर्शज्ञान जाते आणि पुढे हात वाकडा होऊन अवयवांची हालचाल क्षीण होते, असा क्रम दिलेला आहे, आणि त्या निरीक्षणातील सूक्ष्मता आजच्या वैद्यालाही मान्य करावी लागेल. परंतु ग्रंथातील हे निरीक्षण ग्रंथातच राहिले. लोकमानसात रुजली ती निराळीच समजूत, की महारोग्याचे मांस आतून कुजते, बोटे आकसतात ती त्या कुजण्यामुळे, आणि झडतात तीही त्याचमुळे. ज्या अवयवाला मूळचाच सडका मानले त्याची दुरुस्ती कोण करणार? इंग्रजी अंमलात या समजुतीला कायद्याचे पाठबळ मिळाले. १८९८ च्या कायद्याने निर्धन महारोग्यास पकडून आश्रमात डांबण्याचा अधिकार सरकारी अंमलदारांना दिला, आणि रोगी ही वैद्यकाची बाब न राहता बंदोबस्ताची बाब झाली.

त्या काळीही करुणेने वागणारी माणसे होती, हे येथे सांगणे न्यायाचे आहे. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांनी १८९० मध्ये माटुंग्यास निराश्रित महारोग्यांसाठी आश्रयस्थान उघडले. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने मराठी पोवाडे मिळवून ते छापून काढणारे अ‍ॅक्वर्थसाहेब ते हेच; एका हाताने विस्मरणात चाललेले कवन आणि दुसऱ्या हाताने रस्त्यावर टाकून दिलेला मनुष्य उचलणाऱ्या या परकीय अधिकाऱ्याचे नाव त्याच संस्थेच्या वडाळ्यातील रुग्णालयाला आजही आहे. पुढे वर्ध्याजवळ दत्तपुरास मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये, आणि अमरावतीस तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये या रोग्यांची सेवा आरंभिली. अन्न, वस्त्र, आसरा, जखमांची मलमपट्टी आणि माणुसकीचा शब्द हे सर्व या संस्थांनी दिले. वाकलेल्या बोटाला मात्र कोणाजवळच इलाज नव्हता, कारण ते बोट का वाकते याचा शोध तोवर कोणी नीट घेतलेला नव्हता.

बोटे वाकविणारे विकार अनेक आहेत, आणि त्यांतील भेद ध्यानात आल्यावाचून वेल्लोरच्या कार्याचे मर्म कळावयाचे नाही. युरोपच्या उत्तरेकडील लोकांत विशेषेकरून आढळणारा एक विकार पॅरिसचे प्रख्यात शल्यविशारद बारन ड्यूपुइत्रँ यांच्या नावाने ओळखला जातो. १८३१ मध्ये त्यांनी एका मद्यविक्रेत्याच्या हातावर शस्त्रक्रिया करून असे दाखविले की त्यात तळहाताच्या कातडीखालचा पडदा जाड व आखूड होऊन अनामिका आणि करंगळी आत ओढून धरतो. तेथे उपाय म्हणजे ओढणारा तो पडदा छेदणे किंवा काढून टाकणे. मग तो सुरीने छेदावा, सुईच्या टोकाने तोडावा, की अलीकडे निघालेल्या विरघळविणाऱ्या द्रव्याचे इंजेक्शन देऊन सैल करावा, हा पुढचा तपशील. महारोगातील हाताचे तसे नाही. तेथे बोटाला ओढणारे अधिकचे काही उत्पन्न झालेले नसते. बोटाला सरळ राखणारे जे होते तेच निकामी झालेले असते. म्हणून तेथे छेदून भागत नाही, बाहेरून काही आणून जोडावे लागते.

हे ओळखणारे डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तामीळ मुलखातील कोल्ली डोंगरांत एका मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी त्यांनी विलायतेत सुतारकामाचे आणि बांधकामाचे शिक्षण काही वर्षे घेतले होते, आणि माझ्या मते त्यांच्या पुढील कार्याची किल्ली या उमेदवारीत आहे. कारण मोडलेल्या वस्तूकडे पाहताना ती टाकून द्यावी हा विचार कारागिराच्या मनात शेवटी येतो, तिचा कोणता भाग अजून शाबूत आहे हे तो आधी पाहतो. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यशास्त्र शिकविण्यासाठी आले. आयडा स्कडर या अमेरिकन डॉक्टरबाईंनी शतकाच्या आरंभी एका खाटेच्या दवाखान्यापासून वाढविलेली ही संस्था तोपर्यंत नावारूपास आली होती, आणि कुष्ठरोगाचे थोर जाणकार डॉ. रॉबर्ट कॉक्रेन तिचे प्रमुख होते. पुढच्याच वर्षी कॉक्रेन यांनी ब्रँड यांना चेंगलपट्टूचे महारोग्यांचे रुग्णालय दाखविण्यास नेले. पंजासारखी बोटे आकसलेल्या एका रोग्यापुढे आपला हात करून ब्रँड यांनी तो दाबण्यास सांगितले, आणि त्या दुबळ्या दिसणाऱ्या हाताची पकड इतकी जबरदस्त बसली की त्यांना कळ आली. ज्या हाताला सर्व जग मृत समजत होते त्यात बोटे वाकविण्याचे बळ पुरेपूर शिल्लक होते! अस्थिव्यंगांवर शस्त्रक्रिया करणारे वैद्य पोलिओच्या रोग्यांसाठी झटत असताना, त्याहून कितीतरी अधिक माणसांना पंगू करणाऱ्या या रोगाकडे त्यांच्यापैकी कोणी फिरकला नव्हता, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली.

मग शोध सुरू झाला. शेकडो हात तपासले गेले; कोणता स्नायू चालतो, कोणता गेला, याची दप्तरी नोंद ठेवण्यात आली; आणि एका मृत रोग्याच्या शवविच्छेदनात हातापायांचे मज्जातंतू मुळापासून टोकापर्यंत उघडून पाहण्यात आले. त्यातून जे दिसले ते विलक्षण नियमबद्ध होते. मज्जातंतू सर्वत्र बिघडलेले नव्हते. कोपराच्या मागे, मनगटाच्या किंचित वर, गुडघ्याच्या बाजूला, घोट्यापाशी, म्हणजे जेथे ते कातडीच्या अगदी जवळ येतात आणि म्हणून थंड राहतात, नेमके तेथे ते सुजून जाड झालेले होते. कारण या रोगाच्या जंतूंना शरीरातील थंड जागा मानवतात. कोपराजवळच्या व मनगटाजवळच्या त्या सुजेखाली हाताच्या पंज्यातले जे लहान लहान स्नायू येतात ते लुळे पडत होते. त्याच्या वरून ज्यांना शाखा मिळतात ते प्रकोष्ठातील, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागातील, बहुतेक मोठे स्नायू धडधाकट राहत होते. जुवाखालचा एक बैल बसला म्हणजे दुसरा जोर लावून गाडी आपल्याच अंगाला ओढतो, तसे या हाताचे झाले होते. पंज्यातील लहान स्नायू बोटांना बुडाशी वाकवितात आणि पुढच्या दोन सांध्यांत सरळ ठेवतात. ते गेले की बोट बुडाशी मागे पडते, पुढच्या सांध्यांत आत वळते, आणि पेला धरू जावे तर बोटांची टोकेच त्याला तळहातातून बाहेर लोटतात. रोग्याचे मांस कुजलेले नव्हते, रक्त दूषित होऊन बोट वाकले नव्हते. बिघडला होता तो केवळ दोन बळांमधला समतोल.

समतोल बिघडला असेल तर तो पुन्हा बसविता येतो. एडिंबरोचे स्टाइल्स यांची मूळ कल्पना आणि अमेरिकेतील स्टर्लिंग बनेल यांनी तिला दिलेले रूप ब्रँड यांनी पुढे घेतले. प्रत्येक बोट वाकविण्यास प्रकोष्ठातून दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, येतात, आणि त्यांतील एक काढून घेतली तरी बोट वाकण्यास फारशी अडचण पडत नाही. तेव्हा एका बोटाची वरची कंडरा टोकाशी सोडवून तळहातात ओढून घ्यावयाची, तिचे चार पदर करावयाचे, आणि प्रत्येक पदर एकेका बोटाच्या कडेने नेऊन पाठीमागच्या, बोट ताणणाऱ्या पडद्याला शिवून टाकावयाचा. १९४८ पासून अशा शस्त्रक्रिया होऊ लागल्या. काही वर्षांनी असे ध्यानात आले की या पद्धतीने काही बोटे गरजेपेक्षा अधिक ताणली जाऊन उलट्या दिशेने वाकतात; तेव्हा मनगट मागे वळविणारा एक स्नायू घेऊन, पायाच्या पोटरीतील एका लांब, बारीक आणि फारशा उपयोगाच्या नसलेल्या कंडरेचा जोड त्याला देऊन, तिचे चार पदर बोटांपर्यंत पोचविण्याची रीत वेल्लोरने सिद्ध केली. अंगठा समोर आणण्यासाठी निराळी कंडरा वळवावी लागे. या सर्व खटाटोपात शिवणाचा ताण किती ठेवावा हे पुस्तकातून शिकता येत नाही, ते हाताला कळावे लागते. आणि येथे सुतारकाम शिकलेल्या हाताचा उपयोग झाला असला पाहिजे.

शस्त्रक्रिया हा मात्र अर्धाच भाग. सुमारे तीन आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिल्यावर रोग्याला नवे शिक्षण द्यावे लागे. जो स्नायू जन्मभर बोट वाकवीत आला त्याला आता बोट सरळ करावयाचे आहे, हे मेंदूला पटवावे लागे. रूथ थॉमस या भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंनी ते काम वेल्लोरात उभे केले. आणि इतके होऊन सरळ बोटांनिशी घरी गेलेला रोगी काही महिन्यांनी परत येऊन सांगू लागला की आता त्याला कोणी भीक घालीत नाही, आणि महारोगी म्हणून कामही देत नाही. ही तक्रार ऐकून डॉक्टर हताश झाले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. कॉलेजाच्या आवारात साध्या झोपड्यांची ‘नवजीव निलयम्’ ही वसाहत उभी राहिली. तेथे रोगी राहू लागले, सुतारकाम शिकू लागले, लाकडी खेळणी करू लागले.

त्याच वसाहतीत दुसरा मोठा शोध लागला. गंजलेले कुलूप ब्रँड यांना उघडेना, ते एका मुलाने सहज उघडले. त्याचे बोट पाहिले तर किल्लीने हाडापर्यंत कापले होते, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. रोज सकाळी प्रत्येक हात तपासून प्रत्येक नवी जखम कशाने झाली याचा छडा लावला जाऊ लागला; बहुतेक जखमांना तापलेले भांडे, घासणारी दांडी, चुलीतले लाकूड असे साधे कारण सापडले. रात्रीत नाहीशी होणारी बोटे कोठे जातात याचा तपास केला तेव्हा असे आढळले की झोपलेल्या माणसाची बधिर बोटे उंदीर कुरतडतात. तेव्हापासून घरी जाणाऱ्या रोग्याबरोबर एक मांजर देण्याचा प्रघात पडला. बोटे आपोआप झडत नाहीत, ती वेदनेच्या अभावी झिजतात, हा निष्कर्ष या मांजरांइतकाच साधा होता, आणि हजारो वर्षांची समजूत त्याने खोडून काढली.

१९५२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सपुढे हंटेरियन व्याख्यानात ब्रँड यांनी हे काम मांडले, आणि पुढे देशोदेशींचे शल्यविशारद हाताचे शास्त्र शिकण्यासाठी वेल्लोरास व जवळच्या करिगिरीस येऊ लागले. या मंडळींत मला सर्वांत आदरणीय वाटतात त्या डॉ. मेरी वर्गीस. १९५४ मध्ये अपघातात पाठीचा कणा मोडून कमरेखालचे शरीर लुळे पडल्यावर, चाकाच्या खुर्चीत बसून ही तरुण डॉक्टरीण कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करावयास शिकली. शस्त्रक्रियेच्या मेजावर दोन पंगू माणसे समोरासमोर असत, आणि एक दुसऱ्याला उभे करी. पुढे वेल्लोरात अपंगांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग त्यांच्या हातून घडला.

महाराष्ट्रात हे शास्त्र आणले ते प्रामुख्याने डॉ. नोशीर अंतिया यांनी. विलायतेत प्लास्टिक सर्जरी शिकून आल्यावर त्यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या महारोग्यांच्या रुग्णालयात हात, पाय आणि चेहरे दुरुस्त करण्यास आरंभ केला, आणि पुढे मुंबईच्या जे. जे. इस्पितळात या रोग्यांना इतर रोग्यांबरोबर एकाच वॉर्डात खाट दिली. त्या काळी ही दुसरी गोष्ट पहिलीहून अवघड होती. तिकडे वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांनी त्याच हातांना जमीन, माग आणि कारखाना दिला. वेल्लोरने हात कामास योग्य केला, आणि आनंदवनाने त्याला काम मिळवून दिले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

त्यानंतर औषधे बदलली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्र उपचार सुचविला, आणि सहा महिन्यांत किंवा वर्षात रोग बरा होऊ लागला. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण असल्याची तरतूद २०१९ मध्ये विवाहविषयक कायद्यांतून वगळण्यात आली. तरीही भारतात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रोग्यांची संख्या अजून लाखाच्या घरात आहे, आणि जगातील निम्म्याहून अधिक नवे रोगी आपल्याच देशातले असतात.

म्हणून वाचकांस एक विनंती. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, किंवा करंगळी आणि अनामिका बधिर होऊन आत वळू लागली असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखविण्यास एक दिवसही दवडू नये. औषधे तेथे मोफत मिळतात. मज्जातंतूचा बिघाड सहा महिन्यांच्या आतला असेल तर स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तो पुष्कळदा भरून येतो. बोटे वाकूनच बसली असतील तरी हात रोज पाण्यात भिजवून, तेल चोळून आणि खपाटी बांधून सांधे मऊ राखावेत, म्हणजे रोग आटोक्यात आल्यावर शस्त्रक्रिया करता येते, आणि तीही सरकारी योजनेत विनामूल्य होते.